वचनाचा फासा

चौल, १२ जानेवारी २०२५

रय्यान,

सलाम. सलामाला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून एवढा लिहिला. पुढचं तुला आवडणार नाही, तेव्हा चारचौघांत उघडू नकोस.

तुझा व्हॉइस मेसेज राहीनं मला ऐकवला. मला थेट पाठवता आला नसता, माझ्याकडे तू ब्लॉक आहेस. उत्तर कागदावर देतेय. वली चाचा परत मस्कतला निघालेत आणि नेहमीसारखं अर्ध्या चौलचे सोडे, कोकम, पापड त्यांच्या बॅगेत कोंबलेत, त्यातच हे पाकीट. व्हॉट्सअ‍ॅपवर तुला लिहून पुसायची सवय आहे. कागद फाडता येतो, पण तो कधी आलाच नव्हता असं म्हणता येत नाही.

तर तुझं म्हणणं मला कळलं ते असं. ईदेला तू येणार, परत जाताना इनशाला घेऊन जाणार. तिला तू फोनवर आपल्या खेळाच्या एवढ्या गोष्टी सांगितल्यास की तिला एकदा बसून बघायचाय. म्हणून ईदेनंतरच्या रविवारी शेवटचा डाव मांडायचा आणि तू अर्ध्यावर टाकून गेलेली गोष्ट संपवायची. फक्त, म्हणालास, "झैद आणि बायजाचं ते गाळू या. नवीन माणसाला उगाच गोंधळ."

गाळू या! चहा आहे का तो? दोन वर्षं उकळलास, चौघांनी प्यायला, आणि आता गाळणं घेऊन आलायस.

इनशाला खेळ समजावून सांगायला राहीला सांगितलंस. कशाला? मीच लिहून देते, वाचून दाखव. चार माणसं एका स्टीलच्या ताटाभोवती बसतात. एक जण तांडेल होतो. समुद्र, वारा, बंदरं आणि वाटेत भेटणारी माणसं त्याच्याकडे. बाकीचे एकेक खलाशी होतात आणि त्या खलाशाच्या तोंडानं बोलतात. जहाज जुन्या चौल बंदरातून निघतं आणि पार बसऱ्यापर्यंत जातं. अडचण आली की फासा टाकायचा. चार किंवा वर पडला तर निभावलं, खाली पडला तर नाही. फासा ताटातच पडला पाहिजे. ताटाबाहेर गेला तर तो पाण्यात गेला असं धरतात आणि परत टाकतात. आणि सगळ्यात मोठा नियम, जो तू भिंतीवर कोळशानं लिहिला होतास, तो असा: तोंडातून निघालं ते झालं. खलाशाच्या तोंडून बोललेला शब्द परत घेता येत नाही.

हा शेवटचा नियम बायकोला वाचून दाखवताना जरा सावकाश वाच.

अनम


चौल, ९ फेब्रुवारी २०२५

रय्यान,

सलाम.

माझ्या पत्रावर तू राहीला म्हणालास की अनम नियमांची मास्तरीण झालीय, खेळातला जीव काढून घेतलाय तिनं. झालेच आहे मास्तरीण. तू तांडेलकी टाकून गेलास तेव्हा ताट कुणीतरी उचलायला हवं होतं. शिवदास होडीवर, राहीला शाळा. मी मेडिकल स्टोअरमध्ये दिवसभर गोळ्या मोजते, मला काय, आणखी एक काम.

तुझ्या तांडेलकीत काय व्हायचं ते तुला कधी कुणी सांगितलं नाही, कारण तू बोलायला लागलास की आम्ही तोंडात बोट घालून ऐकत बसायचो. तू अरब व्हायचास, फिरंगी कप्तान व्हायचास, बंदरातली मासे विकणारी म्हातारी व्हायचास. आणि फासा कडेला पडून राहायचा. "फासा काय करायचाय, गोष्ट बघा कशी चाललीय." राहीनं कप्तानापुढे चार वाक्यं झकास म्हटली की कप्तान विरघळला. मी डोळे मोठे केले की जकात माफ. आणि शिवदास? तो खऱ्या समुद्रावर जातो. पण त्याला चौघांत तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटतो. त्याचा खलाशी दर रविवारी काहीतरी करायला जायचा, दोन शब्दांत अडकायचा, आणि तू म्हणायचास, नाही जमलं. फासा न टाकताच. म्हणतात ना, बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.

मी तांडेल झाल्यावर पहिला नियम केला की कितीही गोड बोला, फासा टाकायचाच. शिवदासच्या खलाशानं पहिल्याच रविवारी चाच्यांचं गलबत पकडलं. सहा पडला. त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास.

पण खोटं कशाला लिहू, पुढचे दोन रविवार वाईट गेले. फाशामागून फासा. कुणी बोलेचना. राही म्हणाली, हे ल्यूडो आहे, घरी माझ्या भाचीबरोबर खेळीन. मला राग आला, पण तिचं खरं होतं. मग मी घडी बसवली. आधी बोलायचं, आपल्याला येईल तेवढं, येईल तसं. मग टाकायचं. आणि जे पडेल ते पुन्हा शब्दांत सांगायचं. म्हणजे फासा खोटं बोलू देत नाही आणि बोलणं फाशाला मुकं ठेवत नाही. शिवदास आता तीन-तीन वाक्यं सलग बोलतो. तुझ्या मास्तरणीनं एवढं केलंय.

तुझा एकच नियम मी जसाच्या तसा ठेवला, वचनाच्या फाशाचा. वादळात माणूस समुद्रात पडला की एक फासा मिळतो. पण किनाऱ्यावर कुणाला शब्द दिला असेल आणि ते वाट बघत असेल, तर आणखी एक लाल फासा मिळतो. दोन्ही टाकायचे, मोठा धरायचा. टाकण्याआधी तांडेल विचारतो, वाट बघणारं कुणी आहे का. आहे म्हटलं तर लाल फासा हातात. नाही म्हटलं तर तो कायमचा गेला, ज्यानं शब्द दिला त्याला परत करायचा. किती छान नियम केलास रे! ज्याची कुणी वाट बघतं तो सहज बुडत नाही.

आणि तो फासा लाल कशानं झाला ते तुला आठवत असेल. माझ्या नेलपॉलिशनं. त्या रविवारी तू घोड्यांचा सौदागर झैद झाला होतास. मी बायजा, जहाजाचं सुकाणू धरणारी. त्याआधी कित्येक महिने झैद दर बंदरात काही ना काही निमित्तानं बायजाच्या जहाजापाशी यायचा आणि राही मला चिमटे काढायची. त्या दिवशी झैद म्हणाला, "बायजा, घोडे विकले की परतीचा नांगर तुझ्याच बंदरात टाकीन. दुसरीकडे टाकणार नाही."

कुणी हसलं नाही. शिवदासनं मान खाली घातली. तू मला पांढरा फासा दिलास आणि म्हणालास, हा वेगळा ओळखू आला पाहिजे. म्हणून मी पर्समधून बाटली काढली.

खेळ संपल्यावर घरी जाताना नारळाच्या वाड्यांमधून तू माझ्याबरोबर आलास. तिथे ताट नव्हतं, राही नव्हती. तू विचारलंस, बायजानं काय ठरवलंय? मी म्हटलं, ती थांबेल. तू म्हणालास, बरं.

हे पण गाळायचं का?

अनम


चौल, २ मार्च २०२५

रय्यान,

सलाम. आज पहिला रोजा. रोज्यात कडू बोलू नये म्हणतात. प्रयत्न करते.

तू पाठवलेलं उत्तर मिळालं. यावेळी कागदावर लिहिलंस, शाब्बास. तीन ओळी. "अनम, तू खेळाला फारच मनावर घेतलंस. मी भूमिका करत होतो. भूमिका चांगली झाली हा माझा गुन्हा का?"

नाही. भूमिका चांगली करणं गुन्हा नाही. पण भूमिका करणारा माणूस ताटाभोवती असतो. वाडीतल्या अंधाऱ्या वाटेनं माझ्या दारापर्यंत आला तो कोण होता? झैदला चौलमध्ये माझं घर माहीत नव्हतं.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. माझ्या अम्मीनं तुझ्या खालाला सांगितलं होतं की श्रीवर्धनच्या स्थळाला अनमनं नाही म्हटलं कारण मुलगा बुटका आहे. सगळ्या जमातीत माझं हसं झालं. बुटका नव्हता तो. चांगला होता, बोलायला साधा. मी त्याला नाही म्हटलं ते झैदचा नांगर बसऱ्याहून यायचा होता म्हणून. तू त्या वेळी इथेच होतास. तुला ते नाही म्हणणं कळलं होतं. तू राहीला म्हणाला होतास, अनमला आता कुणी आवडायचं नाही, आणि हसला होतास.

मग तू मस्कतला गेलास. आणि ऑक्टोबरात ग्रुपवर निकाहाची पत्रिका. म्हसळ्याची इनशा, मुबारक, मुबारक. मी तुला फक्त एवढंच विचारलं की आणि बायजा? तू लिहिलंस, "ते खेळातलं होतं ना?" आणि लगेच पुसलंस. मी वाचलं होतं. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला मी चुकीचं औषध दिलं असतं, सेठनं हात धरला.

मला तुझा राग येतो. तुला वाटत असेल रडते, तर नाही, राग येतो. आणि सगळ्यात जास्त याचा येतो की तू जबरदस्तीनं काहीच केलं नाहीस. सगळं दुसऱ्याच्या तोंडून वदवलंस. पकडायला गेलं की हातात झैद येतो.

असो. डाव मांडते. शिवदासला गोष्ट संपलेली हवीय, राहीलाही. अटी ऐक. तांडेल मी. झैदला मी तांडेल म्हणून चालवणार नाही, झैद तू खेळायचास. आणि नियम सगळे राहतील. इनशाशी माझं वैर नाही. तिला मी एक वाकडा शब्द बोलणार नाही, तिला पाहुणीसारखं बसवीन.

मला एवढंच हवंय की एकदा, ताटासमोर, तुझ्या तोंडून ऐकावं. शब्द दिला होता की नव्हता. आहे म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हटलंस तरी चालेल. मी उठून घरी जाईन आणि पुढच्या स्थळाला चहा घेऊन बाहेर येईन. पण मधलं काही नको.

अनम


चौल, २० एप्रिल २०२५

रय्यान,

सलाम.

त्या रविवारी तू निघून गेल्यावर काय झालं ते तू कुणालाच विचारलं नाहीस. तरी सांगते. डाव तुझा होता.

बर्फाच्या गाळ्यावरची तीच खोली, तेच ताट. इनशा घरून नानकटाई घेऊन आली होती. ती माझ्या शेजारी बसली, नियम एकदाच ऐकला आणि परत विचारला नाही. हुशार आहे. तू पण छान खेळत होतास, हे मी नाही म्हणणार नाही. झैद बसऱ्याहून निघाला, घोडे जहाजात, तुझा तो खालचा आवाज. मी वारा आणला. ते सूड म्हणून नव्हतं. हवेचा फासा शिवदासनं टाकला, एक पडला, आणि एक पडला की वादळ हा तुझाच नियम. लाटेनं झैदला समुद्रात ओढला. मग नियमाप्रमाणे मी विचारलं, "झैद, किनाऱ्यावर तुझी वाट बघणारं कुणी आहे?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग इनशाकडे. मग मोबाईल काढलास आणि कंपनीचा फोन आहे म्हणून जिना उतरलास. मस्कतला रविवार कामाचा असतो हे मान्य. पण मी शेजारीच बसले होते, रय्यान. फोन वाजला नव्हता.

आम्ही थांबलो. नानकटाई संपली. खिडकीतून शिवदासनं तुझी मोटरसायकल रेवदंड्याच्या बाजूला जाताना पाहिली. राही म्हणाली, जाऊ दे, इथेच थांबवू. तेव्हा इनशा म्हणाली, "ते पाण्यात आहेत ना? मग मी टाकते त्यांच्याकडून."

असं चालतं. तांडेलनं परवानगी दिली तर चालतं. मी दिली. तिनं पांढरा फासा उचलला. मग लालकडे बघून विचारलं, "हा कधी मिळतो?"

मीच सांगितलं, न वापरला तर कुणाला परत जातो तेही. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मग आहे का कुणी?"

आता इथे थोडं थांबून वाच. तुला वाटत असेल मी या क्षणाची वाट बघत होते. होतेच. महिनोन् महिने मी हेच मनात घोळवलं होतं, की सगळ्यांसमोर विचारलं जाईल आणि खरं बाहेर येईल. आहे म्हटलं असतं तर झैदला दोन फासे मिळाले असते. नियमही तेच सांगत होता, खरंही तेच होतं. पण तू पळालास आणि प्रश्न त्या मुलीच्या तोंडून आला. तिच्या हातावरची ईदेची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. तिनं माझं काय केलंय?

आणि तुला गाळून हवं होतं.

मी म्हटलं, "नाही. कुणी नव्हतं."

राहीनं मान वळवली. इनशा लाल फाशाकडे बघत राहिली. म्हणाली, "घोड्यांचा एवढा मोठा सौदागर, आणि वाट बघणारं कुणी नाही?" मग तिनं बिस्मिल्ला म्हणून एकच फासा टाकला.

दोन पडला. स्थिर झाला, सगळ्यांनी पाहिला. आणि तेवढ्यात शिवदासचा गुडघा ताटाला लागला, ताट कलंडलं, फासा घरंगळत दारापाशी. शिवदास, जो होडीवर डुलत्या फळीवरून भरल्या टोपल्या नेतो आणि कधी धक्का लागू देत नाही. तो म्हणाला, "अनम, फासा पान्यान गेला. परत टाकाला लाव तिला."

त्याला झैदला वाचवायचं होतं, का इनशाला, का मला, मी विचारलं नाही. चांगला माणूस आहे. तू तांडेल असतास तर लगेच परत टाकू दिला असतास. गोष्टीसाठी. तू नेहमीच दिलंस, ज्याला द्यायचं त्याला. मी उठले, फासा उचलला आणि ताटात ठेवला, दोन वर. म्हटलं, ताट हलायच्या आधी पडला होता. धरला जाईल.

झैद बुडाला. तू मागितलंस तेच मी केलं रे, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. बायजाला गाळलं, आणि ती गाळल्यावर त्याला वाचवायला काही उरलं नाही.

मग मला ते शब्दांत सांगावं लागलं, माझाच नियम. मी सांगितलं की त्याचा फेटा रेवदंड्याच्या खाडीत वाहत आला, बंदरावरच्यांनी उचलून वाळत टाकला, आणि तो कुणाचा हे कुणाला ओळखता आलं नाही. सांगताना माझा आवाज फुटला. इनशाला वाटलं मी भूमिका फार छान करते. तिनं विचारलं, घोडे वाचले का? घोड्यांसाठी आपल्याकडे नियमच नाही. मी म्हटलं, सगळे वाचले, पोहत किनाऱ्याला लागले. तिला बरं वाटलं.

घरी आल्यावर लक्षात आलं. कुणी नव्हतं असं मी म्हटलं, तांडेल म्हणून, ताटासमोर. तोंडातून निघालं ते झालं. म्हणजे आता नव्हतंच कुणी. ना वाडीची वाट, ना श्रीवर्धनचा तो साधा मुलगा, ना मी. तुझं एक वाक्य पुसायला तुला बोट पुरलं. माझी दोन वर्षं मी माझ्याच तोंडानं पुसली, आणि तीसुद्धा तुझ्या बायकोचं मन राखायला.

पुढच्या जहाजाची तांडेलकी शिवदासकडे दिलीय. आढेवेढे घेतले, पण घेतली. बायजा मी आता खेळत नाही.

वली चाचा उद्या निघतील. हे पाकीट ते तुला ऑफिसात आणून देतील. सोड्यांची पुडी वेगळी आहे, ती ते त्याआधीच तुझ्या घरी पोचवणार आहेत, कारण ती तुझी नाही, इनशाची. त्या दिवशी जिना उतरताना तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, मस्कतला गेल्यावर चौलचे सोडे पाठव, ह्यांना आवडतात. पाठवलेत, निवडून.

वचनाचा न वापरलेला फासा ज्यानं शब्द दिला त्याला परत करायचा असतो. तो मी धुतला, रंग गेला नाही. सोड्यांच्या पुडीत घातलाय. तू हे वाचतोयस तोवर तिनं पुडी उघडली असेल. ती फासा ओळखेल, आणि तू घरी गेलास की विचारेल, वाट बघणारं कुणी नव्हतं, तर हा आपल्याकडे परत का आला? शब्द दिला होता का कुणाला?

यावेळी फोन काढू नकोस. आहे म्हण किंवा नाही म्हण. तुझ्या तोंडून निघेल ते झालं असं ती धरील, नियम तिला मीच शिकवलाय.

अनम